रकाना सातवा

यादीत हा पक्षी आहे.
पान एकशे बारा, वरून तिसरा.
अंगठ्याएवढा, पाठ मातकट, शेपूट अंगाहून लांब.
सातवा रकाना स्थितीचा.
तिथं छापलंय : चिंता नसावी.

मामांच्या पोस्टकार्डात शेवटी असायचं तसं.
इकडील सर्व क्षेम, चिंता नसावी.
आणि कार्ड पोचायच्या आत
मामांकडची म्हैस गेलेली असायची,
एकदा तर मामीच.

मी बेटावदच्या शाळेत विज्ञान शिकवते.
बेटावदला बेट नाही.
दरवर्षी सहावीतलं कुणीतरी विचारतंच, मग नाव कसं?
बेट आहे ते खाली,
पांझरा तापीत शिरते त्याच्या पुढे,
पाणकणसाचं, लव्हाळ्याचं,
चार बिघे भरेल न भरेल.
तलाठ्याच्या नकाशात त्याला नाव नाही.
नदीपात्र म्हणतात त्यालाही.

हिलाल भोई डोंगीतून नेतो.
पहिल्या वर्षी पैसे घेतले, मग सोडले,
नात कॉलेजात गेल्यावर पुन्हा घ्यायला लागला.
पक्ष्याचं पुस्तकातलं नाव मी त्याला सांगितलं.
त्यानं मान हलवली, पटलं नाही अशी.
'गवतनी पोर शे ती.'

मोजणी अशी :
फेब्रुवारीतला दुसरा रविवार,
उजाडायच्या आधी अर्धा तास,
वल्हं आडवं, बोलणं बंद.
दिसला नाही पण गायला, तोही एक.
अकरा. नऊ.
पुढच्या साली पुन्हा अकरा, मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले,
कशाचे ते कुणाला कळेना.
मग बॅरेजचे दरवाजे पडले
आणि पाणी थांबायला शिकलं.
चार.

त्यांचं गाणं वेगळं होतं.
काठावरचे, केळीच्या बागांतले, जातीनं तेच,
ट्वी ट्वी करून थांबतात.
बेटावरचे शेवटी हेल काढायचे.
आपण जळगावात दोन शब्द बोलावेत
आणि दुकानदारानं कापड मोजता मोजता विचारावं,
'धुळ्याकडचे का?'
तसा हेल.

मी कळवलं. उत्तर आलं, नम्र, तीन ओळींचं.
जात म्हणून संख्या भरपूर आहे.
वेगळी उपजात सिद्ध होत नाही.
सहकार्याबद्दल आभार.
हेलासाठी रकाना नाही हे त्यांनी लिहिलं नव्हतं,
ते मी फॉर्म उलटापालटा करून पाहिलं.

'मोजतस कशाले बाई?'
हिलालनं एकदाच विचारलं होतं, चारच्या साली.
मी काहीतरी बोलले, आता आठवत नाही.

यंदा तासभर बसलो.
पाणकणसं कमरेपर्यंत बुडालेली, बोंडांचा कापूस ओला.
एक खंड्या. दोन बगळे, उगाचच गंभीर.
पेन्सिलीचा रंग मी दातांनी खाऊन संपवला.
हिलाल पाठ करून बसला, वल्हं धूत,
जे आधीच पाण्यात होतं.

तेवढ्यात, डाव्या अंगाला,
ट्वी ट्वी,
आणि हेल. पुरा.

मी लिहिलं : एक.

'आयकं का बाई?'
तो वळला तेव्हा त्याच्या ओठांचा चंबू
अजून पुरता सुटला नव्हता.

काठ येईस्तोवर आम्ही काही बोललो नाही.
बिडी त्यानं कानावरच ठेवली.

घरी फॉर्म काढला. त्या एकावर खोडरबर धरला.
शून्य लिहायला मला भीती नाही,
सातवीचं गणितही माझ्याकडेच आहे.
पण ऐकलं होतं मी.
त्या बेटाचं गाणं, त्याच बेटाशी, त्याच पहाटे,
एका जिवंत घशातून.
जात कोणती, त्याचा रकाना वेगळा आहे.

एक तसाच ठेवला.
खाली शेऱ्याच्या जागेत, बारीक अक्षरात :
वय अंदाजे अडुसष्ट. खोकला आहे.
नातीला शीळ येत नाही.